विचारायचं कुणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आधी रक्ताचा रिपोर्ट येतो, मग बायोप्सीचा येतो, आणि साठी-पासष्टीच्या गृहस्थांच्या हातात एक फाईल पडते. प्रोस्टेटचा कर्करोग. बातमी घरात पसरते तसे सल्ले सुरू होतात. साडू म्हणतात, 'वेळ घालवू नका, काढून टाका.' मेहुणे म्हणतात, 'या वयात कशाला हात लावता?' तिसरा कुणी एखाद्या वैद्याचा पत्ता देतो. आणि ज्यांच्या शब्दावर सगळी भिस्त ठेवायची ते डॉक्टर म्हणतात, 'तीन-चार मार्ग आहेत. घरी बोलून घ्या आणि काय ठरतंय ते सांगा.' जन्मभर 'डॉक्टर म्हणतील तसं' या एका वाक्यावर चाललेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. डॉक्टरांनाच जर ठरवता येत नसेल, तर आपण काय ठरवणार?

आज मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. कारण 'आता काय करू आणि कुणाला विचारू' हा प्रश्न या रोगाच्या बाबतीत फार जुना नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रोग्याला तो पडायची सोयच नव्हती. तो कसा निर्माण झाला हे कळलं, तर तो पडल्यावर माणसाला आपण एकटे आहोत, अडाणी आहोत असं वाटणार नाही.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली सुपारीएवढी ग्रंथी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुढे उभा असलेला'. आपल्या परिभाषाकारांनीही तिला 'पुरःस्थ ग्रंथी' असंच नाव दिलं. इटलीतल्या निकोलो मासा यांनी 1536 मध्ये तिचं वर्णन केलं आणि दोन वर्षांनी व्हेसेलियसनं तिचं चित्र काढलं. म्हणजे ग्रंथी ठाऊक होती. उतारवयात ती वाढते आणि लघवी अडते हेही ठाऊक होतं. पण तिचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निश्चित केला गेला तो थेट 1853 मध्ये. लंडन हॉस्पिटलचे सर्जन जॉन अॅडम्स यांनी ती नोंद केली आणि 'हा फार दुर्मीळ रोग आहे' असा शेराही मारला.

आज जगभर पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत ज्याचा क्रमांक अगदी वरचा आहे, तो त्या काळी दुर्मीळ कसा? एक तर हा म्हातारपणाचा रोग, आणि म्हातारपणापर्यंत पोचणारेच थोडे. दुसरं म्हणजे लघवी तुंबून माणूस गेला, तर 'वयोमानानं गेला' एवढंच म्हटलं जाई. साधी वाढ आणि कर्करोग यांतला भेद करायला कुणी थांबत नसे. पुढे 1935 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले अर्नोल्ड रिच यांनी शवविच्छेदनांचा अभ्यास केला. वेगळ्याच कारणांनी मेलेल्या अनेक वयस्क पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये त्यांना कर्करोगाच्या लहान लहान गाठी सापडल्या. त्या माणसांना हयातीत त्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. हा रोग काही जणांच्या जिवावर उठतो आणि कित्येकांच्या शरीरात नुसताच पडून राहतो. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या. पुढचा सगळा गोंधळ आणि सगळी आशा यातूनच निघाली आहे.

उपचारांची सुरुवात झाली 1904 मध्ये, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये. ह्यू हॅम्प्टन यंग या तरुण सर्जननं कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. मदतीला होते त्यांचे गुरू, विख्यात सर्जन विल्यम हॉलस्टेड. पण या शस्त्रक्रियेचा लाभ होण्याजोगे रोगी फारच थोडे. बहुतेक जण येत ते लघवी पार अडल्यावर, किंवा कंबर आणि पाठ दुखून उठवत नाही अशा अवस्थेत. म्हणजे रोग हाडांत उतरल्यावर. आणि ज्यांची शस्त्रक्रिया होई, त्यांतल्या अनेकांना नंतर लघवीवर ताबा राहत नसे आणि वैवाहिक जीवनही बहुधा संपुष्टात येई. त्यामुळे रोग्यापुढे निवड अशी नव्हतीच. सर्जन 'हो' म्हणाला तर टेबलावर जायचं, 'नाही' म्हणाला तर घरी जाऊन दिवस मोजायचे.

खरा पालट झाला 1941 मध्ये. शिकागो विद्यापीठातले डॉ. चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास करत होते. माणसाप्रमाणेच कुत्र्याचीही प्रोस्टेट उतारवयात वाढते. पुरुषी संप्रेरक काढून घेतलं की ती आक्रसते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग क्लॅरेन्स हॉजेस आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हाच विचार रोग्यांना लावला. अंडकोश काढले, किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलं. वेदनेनं अंथरुणाला खिळलेले काही रोगी पुन्हा उठून चालू लागले. पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग नुसत्या संप्रेरकाच्या फेरफारानं मागे हटतो, हे जगाला दिसलं. 1966 मध्ये हगिन्स यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. अँड्र्यू शॅली यांनी मेंदूतून सुटणाऱ्या ज्या संप्रेरकाची रचना उलगडली आणि 1977 च्या नोबेलमध्ये वाटा मिळवला, त्याच्यावरूनच आजची इंजेक्शनं निघाली. त्यामुळे पुष्कळांची ती शस्त्रक्रिया टळली.

एक योगायोग सांगतो. हगिन्स यांचे निबंध प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, 28 फेब्रुवारी 1941 रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. केवळ कर्करोगासाठी एवढं मोठं रुग्णालय म्हणजे आपल्याकडच्या माणसाला 'कुठे जायचं' या प्रश्नाला मिळालेलं पहिलं ठोस उत्तर होतं. 'कुणाला विचारायचं' याचं उत्तर मात्र अजून दूर होतं.

ते दूर का होतं? कारण रोग्याला रोगाचं नावच सांगितलं जात नसे. हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. 1961 मध्ये शिकागोच्याच एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. कर्करोग झाल्याचं रोग्याला सांगू नये, असं जवळजवळ 90 टक्के डॉक्टरांचं मत होतं. अठरा वर्षांनी, 1979 मध्ये, अशीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा 97 टक्के डॉक्टर म्हणाले, सांगायलाच हवं. एका पिढीच्या आत रिवाज अगदी उलटा झाला. आपल्याकडे आजही मुलगा डॉक्टरांना केबिनच्या बाहेर गाठतो आणि हळूच म्हणतो, 'दादांना काही सांगू नका.' त्यामागची माया खरी असते. पण ज्याला नावच ठाऊक नाही, तो विचारणार काय आणि कुणाला?

या मौनाची सर्वांत मोठी गोष्ट घडली फ्रान्समध्ये. फ्रांस्वा मितराँ मे 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या प्रकृतीची माहिती दर सहा महिन्यांनी जनतेला देऊ, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असून तो हाडांत पसरला आहे, असं निदान झालं. मितराँनी ते राष्ट्राचं गुपित ठरवलं. त्यांचे डॉक्टर क्लोद ग्युब्लेर वर्षानुवर्षं 'प्रकृती उत्तम' अशी पत्रकं काढत राहिले. 1992 मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठे लोकांना कळलं. पुन्हा गंमत पाहा. निदान झालं तेव्हा फार थोडी वर्षं हाती आहेत असा अंदाज होता, पण उपचारांच्या बळावर ते चौदा वर्षं जगले आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही मुदती त्यांनी पुऱ्या केल्या. 8 जानेवारी 1996 रोजी ते गेले. त्यानंतर काही दिवसांतच डॉक्टरांनी सगळं पुस्तकात लिहिलं आणि न्यायालयानं त्या पुस्तकावर बंदी घातली.

या गोष्टीत राजकारण आहे, पण मला तिथे दुसरंच काही दिसतं. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग घेऊन माणूस चौदा वर्षं काम करू शकतो, ही बातमी त्या काळी हजारो रोग्यांना केवढा धीर देऊन गेली असती! ती कुलपात राहिली. याच्या उलट नेल्सन मंडेलांचं पाहा. जुलै 2001 मध्ये त्यांना हा रोग असल्याचं निदान झालं आणि ते लगेच जाहीर केलं गेलं. सात आठवडे रेडिएशन घेतलं तेही उघडपणे. त्यानंतर ते बारा वर्षं जगले.

मधल्या काळातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. 'द लाँगेस्ट डे' हे दुसऱ्या महायुद्धावरचं पुस्तक लिहिणारे पत्रकार कॉर्नेलियस रायन. 1970 मध्ये, पन्नाशीत, त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. युद्धातल्या शेकडो सैनिकांना बोलतं करणारा हा माणूस. त्यानं आपल्या आजाराचा तपासही बातमीदारासारखाच केला. एकामागून एक तज्ज्ञ गाठले, आणि त्यांची मतं जुळत नाहीत हे त्यांना दिसलं. रायन हे सगळं गुपचूप टेपवर बोलून ठेवत होते. कशाची भीती वाटते, पैशांचं काय होईल, बायकोला किती सांगायचं, सगळं. 1974 मध्ये 'अ ब्रिज टू फार' हे पुस्तक पुरं करून नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्या टेप्स पत्नी कॅथरिन यांच्या हाती लागल्या त्या त्यानंतर. 1979 मध्ये त्यांनी त्यावरून पुस्तक केलं. एका घरात राहून, एकाच दुखण्याशी झुंजणारे नवरा-बायको एकमेकांपासून काय काय लपवत होते, ते त्यांना असं उशिरा कळलं. आपल्याकडे असे संसार किती असतील, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

आता आपण 1980 च्या दशकात येऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये प्रोस्टेटमधलं एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेच पीएसए. रक्तात ते मोजता येतं. अमेरिकेत या चाचणीला 1986 मध्ये मान्यता मिळाली ती उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी, आणि 1994 मध्ये रोग हुडकण्यासाठी. आता कसलाही त्रास नसलेला, सकाळी फिरायला जाणारा धडधाकट माणूस नेहमीच्या तपासणीत रक्त देऊन येई आणि आठवड्यानं कर्करोगाचा रोगी होई. अशांची संख्या भराभर वाढली.

त्याच सुमारास शस्त्रक्रियाही बदलली. जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श 1981 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला गेले. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्याबरोबर त्यांनी प्रोस्टेटजवळून जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंचा मार्ग शोधून काढला आणि पुढच्या वर्षी ते तंतू वाचवून शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या बाजूला रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचे पेशंट ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, तेही अचूक होत गेलं. किरणोत्सर्गी कण ग्रंथीतच बसवण्याची पद्धत आली. मिनियापोलिसचे डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये गाठीच्या पेशींचा उग्रपणा मोजण्याची जी रीत सांगितली होती, ती सर्वत्र रूढ झाली. आजही बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ग्लीसन' हे नाव दिसतं ते यामुळे.

म्हणजे आता रोगी धडधाकट, रोग लहान, विचार करायला सवड, आणि मार्ग अनेक. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थानं जन्माला आला तो इथे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगचे डॉ. विलेट व्हिटमोर यांनी त्यातला पेच नेमका मांडला होता. ते विचारत, ज्यांना बरं करणं गरजेचं आहे त्यांना बरं करता येतं का? आणि ज्यांना बरं करता येतं त्यांना ते करणं गरजेचं असतं का? आयुष्यभर या रोगाशी झगडलेले व्हिटमोर 1995 मध्ये गेले ते याच रोगानं.

अशा वेळी पुरुषांनी आधार शोधला तो एकमेकांत. हे त्यांना शिकवलं बायकांनी. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं स्तनाच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झालं. बरं वाटल्यावर त्या स्वतःहून तशाच दुसऱ्या बायकांना भेटायला रुग्णालयात जाऊ लागल्या. डॉक्टरांना सुचणार नाहीत अशा गोष्टी त्या सांगत. कपडे कसे बेतायचे, हाताचे व्यायाम कसे करायचे, नवऱ्याशी काय बोलायचं. सुरुवातीला अनेक सर्जनांना हे रुचलं नाही. पण 'रीच टू रिकव्हरी' या नावानं ते काम वाढलं आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपलंसं केलं. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपलं ऑपरेशन जाहीर केलं आणि बायकांच्या मनावरचं दडपण आणखी उतरलं.

पुरुषांना हे जमायला 1990 साल उजाडावं लागलं. शिकागोत पाच रोगी, त्यांच्या जोडीदार आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जेराल्ड चोडॅक एकत्र आले. गटाला नाव दिलं 'अस टू', म्हणजे 'आम्हीसुद्धा'. त्याच सुमारास फ्लोरिडातही 'मॅन टू मॅन' नावाचा असाच गट निघाला. बैठकीत काय चाले? ऑपरेशननंतर लघवीवर ताबा यायला किती महिने लागले, कुठल्या हालचालीला गळती होते, रेडिएशननंतर पोटाचं काय होतं, नवरा-बायकोच्या संबंधांचं काय झालं. चारचौघांत ज्याचा उच्चार होत नाही, ते सगळं. बायका बरोबर असत, आणि बऱ्याचदा पहिला प्रश्न त्याच विचारत.

1996 च्या मे महिन्यात 'फॉर्च्यून' नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर इंटेल कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह झळकले, तेही आपल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाची गोष्ट सांगत. पीएसएचा आकडा 5 आल्यावर त्यांनी मूळ शोधनिबंध वाचायला घेतले. आपल्या आकड्यांचे आलेख काढले. सर्जन गाठले, रेडिएशनवाले गाठले, ज्यांच्यावर उपचार झालेत अशा माणसांशी बोलले. त्यांच्या ध्यानात आलं की बहुतेक जण आपापल्याच दुकानातला माल चांगला म्हणतात. यात लबाडी नसते. ज्याच्या हाताला जे काम बसलंय, त्यावर त्याचा विश्वास असतो. ग्रोव्ह यांनी शेवटी सिअॅटलला जाऊन ग्रंथीच्या आतून देण्याचं रेडिएशन निवलं. पुढे ते वीस वर्षं जगले. 2016 मध्ये गेले.

त्यांच्या लेखानं पुष्कळांना डोळस केलं. पण त्यांच्या मार्गात एक अडचण होती. जे निबंध त्यांनी वाचले, त्यांत एका रुग्णालयातले ऑपरेशनचे रोगी आणि दुसऱ्या रुग्णालयातले रेडिएशनचे रोगी यांची तुलना करावी लागत होती. कुणी तरुण, कुणी म्हातारे. कुणाचा रोग सौम्य, कुणाचा उग्र. अशा आकड्यांवरून कितीही हुशार माणसानं आलेख काढले, तरी 'चांगलं कुठलं' हे कळणार कसं?

त्यासाठी रोग्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करावी लागते. स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी 1989 ते 1999 या काळात 695 रोग्यांवर असा अभ्यास केला. शस्त्रक्रियेनं मृत्यू कमी होतात असं त्यात दिसलं, विशेषतः पासष्टीच्या आतल्यांमध्ये. पण ते रोगी बहुतांशी पीएसएच्या आधीच्या पद्धतीनं सापडलेले होते. मग ब्रिटनमध्ये 1999 पासून 'प्रोटेक्ट' हा मोठा अभ्यास सुरू झाला. तीन गट होते. एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन, आणि तिसऱ्यावर नुसतं बारीक लक्ष ठेवायचं, गरज पडली तरच उपचार.

सुरुवातीला रोगी तयार होईनात. तेव्हा समाजशास्त्रज्ञ जेनी डोनोव्हन यांनी डॉक्टर आणि रोगी यांच्या संभाषणांच्या टेप्स ऐकल्या. तिसऱ्या मार्गाला डॉक्टर इंग्रजीत जे नाव वापरत, त्याचा अर्थ होतो 'लक्ष ठेवून थांबणं'. रोग्यांच्या कानाला ते 'मी मरताना तुम्ही बघत बसा' असं ऐकू येत होतं! नाव बदललं, तपासण्या कशा होतील आणि उपचार केव्हा सुरू होतील ते नीट सांगितलं, तिन्ही मार्ग सारख्याच तोलानं मांडले. तयार होणाऱ्यांचं प्रमाण 30-40 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेलं. डॉक्टर कुठल्या शब्दांत बोलतो यावर रोग्याची निवड किती हलते, याचा याहून स्पष्ट पुरावा नसेल.

त्या अभ्यासात 1,643 पुरुष आले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगानं मेले 45 जण, म्हणजे शेकडा तीनहूनही कमी; आणि गटागटांत त्याबाबत फारसा फरक नव्हता. इतर कारणांनी मेलेले याच्या कित्येक पट होते. म्हणजे काहीच करू नये असा अर्थ नाही. लक्ष ठेवलेल्या गटात रोग शरीरात पसरण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट निघालं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना पुढे ऑपरेशन किंवा रेडिएशन घ्यावं लागलं. शस्त्रक्रियेच्या गटात लघवीची गळती आणि लैंगिक अडचणी अधिक, तर रेडिएशनच्या गटात आतड्यांच्या तक्रारी अधिक. थोडक्यात, गाठ ग्रंथीतच असेल आणि उग्र नसेल तर निवडायचं ते बहुधा जगणं की मरणं यांतून नव्हे. निवडायचं ते कुठला त्रास सोसायची आपली तयारी आहे, यातून. आणि हे डॉक्टर रोग्याच्या वतीनं ठरवू शकत नाही. 'तुम्ही विचार करून सांगा' या वाक्याचा अर्थ हा आहे. त्यात डॉक्टरांचं अज्ञान नाही, जबाबदारी टाळणंही नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे, तेही सांगायला हवं. पाश्चात्त्य देशांत बहुतेकांचा रोग लवकर सापडतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण हाडं दुखायला लागल्यावर येतात, आणि त्यांच्यासाठी वरचं गणित लागू पडत नाही. तिथे लागतात हगिन्स यांच्या वाटेनं निघालेले उपचार, आणि त्यांबरोबरची नवी औषधं. तिथेही निवड असते, पण तिच्यात पैसा असतो. महिन्यामागून महिने इंजेक्शन घ्यायचं, की एकदाच छोटं ऑपरेशन करून अंडकोश काढायचे? परिणाम दोन्हींचा साधारण सारखाच. खर्चात मात्र मोठा फरक. पुष्कळ घरांत हा निर्णय बाप तोंडातून शब्द न काढता घेतो, मुलांवर बोजा नको म्हणून. निदान हा हिशेब उघडपणे मांडला जावा.

विचारायच्या जागा आपल्याकडे नाहीत असंही नाही. इंडियन कॅन्सर सोसायटी 1951 मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी मुंबईत स्थापन केली. कर्करोगाच्या रोग्यांची लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली नोंदणी 1963 मध्ये मुंबईतच सुरू झाली. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून गरीब रोग्यांना हात देत आली आहे. 1994 मध्ये स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी 'व्ही केअर' सुरू केली. तिथे रोगाशी सामना केलेली माणसंच नव्या रोग्यांशी बोलतात. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडनं देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना एका धाग्यात आणलं, जेणेकरून उपचारांची रीत गावागणिक बदलू नये.

या इतिहासातून घ्यायचं काय? फाईल हाती आली की पहिल्याच दिवशी काही ठरवू नये. लवकर सापडलेल्या रोगात काही आठवडे विचाराला मिळतात. रोग ग्रंथीत आहे की बाहेर गेलाय, ग्लीसनचा आकडा किती, हे लिहून घ्यावं. शक्य असेल तर एकदा सर्जनला आणि एकदा रेडिएशनच्या तज्ज्ञाला, असं दोघांना भेटावं. एकाच दुकानात दोनदा जाऊ नये. 'माझ्यासारख्या किती जणांवर तुम्ही उपचार केलेत आणि वर्षानंतर त्यांचं कसं चाललंय' हे विचारायला लाजू नये. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. 'नुसतं लक्ष ठेवलं तर चालेल का' हेही विचारावं. पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावं, कारण केबिनमध्ये ऐकलेलं निम्मं माणूस जिन्यातच विसरतो. आणि या वाटेनं आधी गेलेल्या एखाद्या माणसाशी बोलावं. त्याचा उपचार तोच आपला, असं मात्र समजू नये. अनुभव त्याचा असतो, गाठ आपली असते.

अॅडम्सच्या रोग्याला रोगाचं नाव मिळालं, पण इलाज नव्हता. यंगच्या रोग्याला इलाज मिळाला, पण तो एकाच माणसाच्या शब्दावर अवलंबून होता. मितराँना उत्तम डॉक्टर मिळाले, पण मोकळेपणानं बोलायला जागा नव्हती. रायन बोलले, पण यंत्राशी. आज आपल्या गावातल्या गृहस्थांना नाव, इलाज आणि सल्ला या तिन्ही गोष्टी थोड्या खटपटीनं मिळू शकतात. फक्त त्यांनी विचारलं पाहिजे. आणि त्यांनी विचारावं म्हणून आपण घरच्यांनी, 'दादांना काही सांगू नका' हे वाक्य आधी सोडून दिलं पाहिजे.